टपरीवर मी बोलायचो ते

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर उकडलेल्या शेंगा खाल्ल्या आणि इंडियाची फुटबॉलची मॅच बघितली. एवढं मी सगळ्यांना सांगतो. लोकांना ऐकून बरं वाटतं – म्हातारा-म्हातारी शेवटच्या संध्याकाळी शेजारी बसली होती, भांडण नाही, दवाखाना नाही, सलाईन नाही. माझी पोरगी सुनंदा तर दर वेळी डोळे पुसते. म्हणते, आबा, मायचं मरण सोन्याचं झालं.

त्याच्या पुढचं मी तिला सांगितलेलं नाही. तिला काय, कोणालाच नाही. वर्षं गेली त्याला. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही – म्हणून तुमच्यापाशी तोंड उघडतो. मी चौथी शिकलेला ड्रायव्हर माणूस. मागचं पुढे होईल, पुढचं मागे होईल. सांभाळून घ्या.

इंदू, माझी बायको. बघा, नाव घेतलं. ती होती तोवर चारचौघांत कधी घेतलं नाही, आमच्यात घेत नव्हते. सुनंदाची माय म्हणायचो. आता घेतो. आता कोण ऐकतंय?

तर ती संध्याकाळ. खाली पेपर पसरलेला, त्यावर शेंगांची परात. ती भिंतीला पाठ लावून बसलेली, मी कॉटवर. इंडियाची पात्रतेची मॅच, आणि समोर आपल्यापेक्षा केवढासा देश. जिंकलो तर पुढे, नाही तर बसा घरी. आणि गोल काही होत नव्हता. आपला नऊ नंबरचा पोरगा – आपल्या क्लबासाठी दर आठवड्याला गोल ठोकणारा, आमच्या धुळ्यातल्या देवपूरची पोरं त्याचा नंबर पाठीवर घेऊन फिरायची – तो इंडियाच्या शर्टात आला की लाकूड व्हायचा. मी कॉटवरून शिव्या घालत होतो. खातो कुठलं, गातो कुठलं, असं काय काय.

इंदूनं शेंग फोडली. दाणे माझ्या हातावर ठेवले. म्हणाली, "त्याले काब्रं बोलतस? एकला पडेल शे तो."

एकटा पडलाय म्हणे. कसा? तर तिनं समजावलं. क्लबात हा पोरगा मधे खेळतच नाही. मधे तो परदेशी उंच माणूस असतो. समोरचे दोघं-दोघं त्या उंचाला धरायला धावतात, बाजूची जागा मोकळी पडते, तिथून हा येतो आणि गोल करतो. इंडियात तो उंच माणूस नाही. मग यालाच मधे उभा करतात, पाठीला दोन राक्षस चिकटलेले. आणि मागची आपलीच पोरं बॉल मिळाला की घाबरून मागे सरकतात. क्लबातला फॉर्म इथं कसा दिसेल? याला बाजूला न्या, तिचं म्हणणं. मधे कोणी तरी धक्के खाणारा ठेवा. त्याचा गोल नाही झाला तरी चालेल असा. मग बघा.

हे तिनं शेंगा सोलता सोलता सांगितलं. टीव्हीवर सूटबूट घालून बसलेले लोक तेव्हा म्हणत होते की नऊ नंबरचा आत्मविश्वास गेलाय.

तुम्ही म्हणाल, देवपूरच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या म्हातारीला हे कुठून आलं? मलाही तोच प्रश्न पडला होता. आणि लाज अशी, की तो लग्नाला आयुष्य उलटून गेल्यावर पडला. मी केळीच्या गाडीवर ड्रायव्हर. रावेरला माल भरायचा, दिल्लीला खाली करायचा, येताना काही मिळेल ते भाडं. घरी यायचो ते झोपायला. डोळ्याचं ऑपरेशन झालं, गाडी सुटली, मी घरात बसलो – आणि तेव्हा मला कळलं की माझी बायको फुटबॉल बघते. इतकी वर्षं मी नसताना ती काय बघते, काय करते, मी कधी विचारलं होतं का?

ती भुसावळची. तिचा बाप रेल्वेत खलाशी, आणि मैदान सांभाळायचं काम त्याच्याकडे. मॅचच्या आदल्या दिवशी चुन्याच्या रेषा आखायच्या असत. दोरीचं एक टोक बापाच्या हातात, दुसरं ह्या पोरीच्या. बाप दोरीवरून चुना सोडत जायचा, ही टोक धरून उभी. दोरी ढिली पडली की रेष वाकडी, आणि मग बापाच्या शिव्या. दुसऱ्या दिवशी मॅच व्हायची तेव्हा ती गोलच्या मागे बसलेली असायची, कारण रेष पुसली तर पुन्हा मारायला बापाला हाताखाली कोणी लागायचं. असं तिचं शिक्षण. टीव्हीवर सुद्धा तिला आधी रेषाच दिसायच्या. मागचे चार जण एका सुतात नसले की म्हणायची, "दोरी ढिली शे." आणि थोड्या वेळानं तिथूनच गोल पडायचा. माहेरची बोली वेगळी, पण माझ्या घरात येऊन ती शे-शे बोलायला लागली होती. बाकी मी तिला काही दिलं नाही. बोली दिली.

आता टपरीचं सांगतो. तिथं आल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

कॉलेजच्या रस्त्याला भटूची चहाची टपरी. आत टीव्ही. संध्याकाळी फुटबॉलवाल्यांचा अड्डा. त्यात मुख्य दोघं. वामन नाना, सरकारी ऑफिसातून रिटायर, पेपरातलं खेळाचं पान मोठ्यानं वाचणार आणि गोव्याच्या क्लबासाठी जीव टाकणार. दुसरा सलीमभाऊ, रिक्षावाला. तरुणपणी धुळ्याच्या मैदानांवर स्वतः खेळलेला, म्हणून त्याचा आवाज सगळ्यात वर. तो कलकत्त्याकडून. सलीम म्हणायचा, नाना, तुमचा गोवा म्हणजे वरातीतला घोडा, मांडवापर्यंतच चालतो. नाना म्हणायचे, सलीम, तुझं कलकत्ता माझ्यासंगंच रिटायर झालं, फरक एवढाच की मला पेन्शन आहे. आणि इंडिया कधी तरी वर्ल्ड कपला जाईल की नाही, यावर तर रोज भांडण. भटू मधेच म्हणायचा, जाईल तेव्हा जाईल, आधी ग्लास परत द्या.

मी कोपऱ्यात बसायचो. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण माणसांत बसायला आवडायचं. उभं आयुष्य स्टिअरिंगशी बोललेला माणूस मी. एकदा मधे काही तरी बोललो, तर सलीम हसत म्हणाला, "आबा, तुम्ही केळीवर बोला." वाईट मनानं नाही म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो. पण ते मला लागलं. किती लागलं हे कोणाला कळलं नाही – कळलं असतं तर पुढचं घडलं नसतं.

घरी येऊन कॉटवर पडलो होतो. टीव्हीवर गोव्याची मॅच. इंदू आपली बिबड्या तळत होती. कढईवरून बघूनच म्हणाली, गोव्याच्या डाव्या बाजूचा पोरगा पाय चोरतोय, पुढच्या मॅचमध्ये तिथून फाटेल. दुसऱ्या दिवशी टपरीवर नाना गोव्याचं गुणगान गात होते. मी म्हणालो, डावी बाजू बघा नाना, तो पोरगा पाय चोरतोय.

आणि पुढच्या मॅचला गोवा तिथूनच फाटलं.

पुढच्या वेळी मी आलो तर भटूनं न सांगता चहा दिला. सलीमनं बाकावर जागा केली. नाना म्हणाले, आबा, तुम्ही एवढं शिकलात कुठे? मला म्हणता आलं असतं – घरी. एक शब्द. मी काय म्हणालो? म्हणालो, कलकत्त्याला गाडी खाली केली की मी मैदानात जाऊन बसायचो. कलकत्त्याला मी आयुष्यात गेलो नाही. पण मी त्यांना पायऱ्या सांगितल्या, गर्दी सांगितली, पावसात भिजत बघितलेली मॅच सांगितली. ड्रायव्हर माणूस, रस्त्याचं खोटं आम्हाला सोपं जातं.

तेव्हापासून माझा धंदाच झाला तो. रावेरला भरायचं, दिल्लीला खाली करायचं, तसं – घरी भरायचं, टपरीवर खाली करायचं. रात्रीच्या जेवणाला ती बोलायची, मी ऐकायचो. संध्याकाळी मी बोलायचो, लोक ऐकायचे. कोणाचा फॉर्म खरा आहे, कोणाचा दुबळ्या टीमांवर चढलेला. इंडियाच्या टीममध्ये कोण घ्यायला पाहिजे. सलीमसारखा सलीम माझ्याशी वाद घालण्याआधी विचार करायला लागला. पोरं मोबाईल बाजूला ठेवायची. मला आबासाहेब म्हणायला लागली. छाती अशी भरून यायची, काय सांगू.

घरी आलो की इंदू विचारायची, आज काय बोलले तुमचे लोक? मी नानांचं सांगायचो, सलीमचं सांगायचो. माझं – म्हणजे तिचं – लोकांनी कसं ऐकलं, ते कधीच नाही सांगितलं. तिला वाटत असेल, आपण हवेत बोलतो.

नाही. असं वाटत नसेल. ते पण सांगतो.

एकदा बाजारात आम्ही वांगी घेत होतो. भरताची हिरवी वांगी. तिथं सलीमनं रिक्षा थांबवली. म्हणाला, "अक्का, आबांचं डोकं म्हणजे मशीन शे. कलकत्त्याचं त्यांनी सांगितलं, तसंच झालं." आणि जे मी सांगितलं होतं ते त्यानं तिला शब्दाला शब्द ऐकवलं. तिचंच तिला. मी वांग्यांकडे बघत होतो. इंदू पण वांग्यांकडे बघत होती. एक वांगं उचललं, देठ दाबून पाहिला, पिशवीत टाकलं. सलीमला म्हणाली, "हो का भाऊ."

वाटेत काही बोलली नाही. घरी काही बोलली नाही. मी वाट बघत होतो – आता बोलेल, आता भांडेल. ट्रकवर असताना मी घाटात एवढा घाबरलो नसेन. रात्री मॅच लागली. ती बघत होती. आणि बोलायला लागली, रोजच्यासारखी. फक्त हळू बोलत होती. आणि एकेक गोष्ट दोनदा सांगत होती.

मला पाठ व्हावं म्हणून.

त्या रात्रीनंतर ती नेहमी दोनदा सांगायची. मी ते घेत राहिलो. हाताला चटका बसला नाही का? बसला. पण घेत राहिलो.

अजून एक आहे. हे सांगायचं टाळत होतो.

इंडियाची मोठी मॅच होती, भटूनं टपरीच्या बाजूच्या मोकळ्या जागेत पांढरा पडदा लावायचं ठरवलं. मी ते घरी बोलून गेलो. त्या दिवशी दुपारीच इंदूनं डोकं धुतलं. सुनंदानं दिलेलं जांभळं लुगडं काढलं. मी चप्पल घालायला लागलो तर ती दारात तयार उभी. म्हणाली, "मी काही बोलत नही. नुसती बसी ऱ्हासू."

मी म्हणालो, तिथं बाया नसतात.

ती म्हणाली, बरं.

तिथं बाया होत्या. सलीमची बायको होती, त्याच्या दोन्ही पोरी पुढच्या खुर्च्यांवर होत्या, भटूची आई सुद्धा होती. सलीमनं विचारलं, अक्का नाही आल्या? मी म्हणालो, गुडघे धरलेत तिचे. आणि त्या दिवशी पडद्यासमोर मी जे बोललो, ते सगळं तिनं आदल्या रात्री दोनदा सांगितलेलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पांझरा नदीच्या पुलापर्यंत ऐकू गेल्या असतील. घर पुलाच्या अलीकडेच आहे.

मी परत आलो तेव्हा लुगडं घडी घालून पेटीत गेलेलं होतं. तिला काय हवं होतं हो? तिला बोलायचं सुद्धा नव्हतं. आपलं म्हणणं लोक ऐकतात तेव्हा त्यांची तोंडं कशी होतात, एवढं तिला एकदा बघायचं होतं. एवढंच. ते मी दिलं नाही. का नाही दिलं? तिच्यासमोर मला बोलता आलं नसतं म्हणून. दुसरं कारण नाही.

आता त्या शेवटच्या मॅचकडे येतो.

गोल नाही झाला. शून्य-शून्य. इंडिया बाहेर. मी टीव्ही बंद केला. इंदू शेंगांची टरफलं पेपरात गोळा करत होती. म्हणाली, पोरं चांगली आहेत, वेळ लागेल, पण होईल. मग उठताना माझ्या गुडघ्याला हात टेकला, तिला तसंच उठावं लागायचं, आणि म्हणाली, "उद्या सलीमभाऊ त्या पोरावर तुटी पडई. त्याले समजावज्यात."

त्याला समजावून सांगा म्हणे. इतक्या वर्षांत ती हे पहिल्यांदा उघड बोलली. तोवर तिला माहीत होतं, मला माहीत होतं, पण शब्द नव्हता. त्या दिवशी तिनं तो उच्चारला, आणि हसली पण. मी म्हणालो, हं. दिवा घालवला.

पहाटे चहाच्या वेळी ती उठली नाही. झोपेतच गेली, डॉक्टर म्हणाला. याच्यावर मला जास्त बोलता येत नाही.

सुनंदाला रावेरला फोन केला. ती निघाली, पण रावेरहून धुळ्याला यायचं म्हणजे किती वेळ लागतो तुम्हाला ठाऊक आहे. तोवर थांबायचं होतं. आत बाया बसल्या होत्या, बाहेर अंगणात माणसं. बांबू आणून ठेवलेले. घरात चूल पेटवायची नाही, म्हणून शेजारणीनं तिच्याकडून चहा आणला. भटूनं टपरी बंद ठेवली होती, तो आला. नाना आले. सलीम रिक्षा सोडून आला, माझ्या खांद्यावर हात ठेवून बाजूला बसला.

तुम्ही अशा अंगणात बसला असाल. बोलायचं काय, कोणाला सुचत नाही. माणसं आपसात हळू बोलायला लागली – पाण्याचं, बसचं, कोणाच्या पोराच्या नोकरीचं. मग नाना खाली बघत म्हणाले, काल आपण बाहेर पडलो. म्हणाले आणि लाजले, की हे आपण कुठे बोललो. सलीम त्यांच्याकडे न बघता, अगदी हळू म्हणाला, त्या नऊ नंबरला काढायलाच पाहिजे. क्लबात शेर, इथं बकरी.

आणि मी तोंड उघडलं.

सवयीनं उघडलं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. दुःखात माणसाला भान नसतं, असंही सांगून पाहिलं. तिनंच सांगितलं होतं समजवा म्हणून, हे तर कितीदा. पण मला भान होतं. आणि माझं नाव काढून टाकून समजवा, असं ती म्हणाली नव्हती.

मी सगळं सांगितलं. तो एकटा पडतो, क्लबात त्याच्या शेजारी कोण असतो, इथं कोण नसतो, मागचे कसे घाबरतात, काय करायला पाहिजे. नीट सांगितलं, एकेक करून. नानांनी मान वर केली. भटू जवळ सरकला. शेजारचा एक माणूस, जो टपरीवर येत पण नाही, तोही ऐकायला लागला. आणि मला – खोटं कशाला सांगू – मला बरं वाटलं. त्या अंगणात, त्या बांबूंच्या शेजारी, माझी छाती भरून आली.

सलीमला पटलं. बराच वेळ मान हलवत राहिला. मग घराकडे बघितलं. दार उघडं होतं, आत तिचे पाय दिसत होते, बाया त्यांना हळद लावत होत्या. सलीमनं आवाज आणखी खाली केला. म्हणाला, "अक्कांना पण शौक होता का, आबा? त्या काही बोलायच्या का मॅचबद्दल?"

त्यानं सरळ मनानं विचारलं. सगळे माझ्याकडे बघत होते. नाना, भटू, सगळे. पडदा नव्हता, टाळ्या नव्हत्या, हसणारं कोणी नव्हतं. माझ्याकडून कोणी काही हिसकावून घेणार नव्हतं. तिच्या नावाची एवढी वाट बघणारी माणसं पुन्हा एका जागी कधी बसणार होती?

"बसे ती शेजारी," मी म्हणालो. "तिले काय समजस त्यामा?"

मग शेजारणीनं आणलेला चहा मी बशीत ओतला, फुंकला, आणि प्यालो.